सर्वांना आरोग्यसेवा की सर्वांना आरोग्य विमा? महाराष्ट्रातल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

सरकारने आरोग्यासाठी काय करावं हा वाद अर्थसंकल्पाच्या आसपास तापतो आणि मग शांत होतो. ज्यांच्या घरात कुणी आजारी आहे त्यांच्यासाठी मात्र तो रोजचा असतो. म्हणून खाली धोरणाचे आणि कामकाजाचे प्रश्न एकत्रच घेतले आहेत. धोरण कुठे अडतं हे रुग्णालयाच्या खिडकीवरच कळतं.

वाद नेमका कशावर आहे?

पैसे नाहीत म्हणून कुणाला उपचार नाकारले जाऊ नयेत, यावर उघड मतभेद कुणाचाच नाही. १९४६ च्या भोर समितीने हे तत्त्व स्वातंत्र्याआधीच लिहून ठेवलं होतं. वाद आहे तो ते घडवून आणायच्या पद्धतीवर. एका पद्धतीत सरकार स्वतः दवाखाने बांधतं, डॉक्टर आणि नर्स नेमतं, औषधं खरेदी करून पुरवतं. दुसऱ्या पद्धतीत रुग्ण सरकारी किंवा खासगी रुग्णालयात जातो आणि सरकार त्याचा विमा हप्ता भरतं किंवा बिल फेडतं. पहिल्या पद्धतीत सरकार सेवा देतं, दुसरीत सेवा विकत घेतं.

आपल्याकडे दोन्ही चालू आहेत, पण गेल्या १५-२० वर्षांत राजकीय जोर दुसरीवर आला आहे. आंध्र प्रदेशात २००७ ला आरोग्यश्री आली, २००८ ला केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली (कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचं संरक्षण), महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचा प्रारंभ झाला. आमचं मत स्पष्ट आहे: विमा हा सरकारी दवाखान्याला जोड म्हणून उपयोगी पडतो, त्याची जागा घेऊ शकत नाही. कारणं पुढे येतीलच.

आरोग्य ही जबाबदारी केंद्राची की राज्याची?

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्य सूचीत आहेत, तर विमा केंद्र सूचीत. म्हणजे दवाखाना चालवणं राज्याचं काम आणि विम्याचे नियम करणं केंद्राचं. आयुष्मान भारतसारख्या योजनेत बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी असते. त्यामुळे कार्डावर फोटो कुणाचा, योजनेला नाव कुणाचं, यावर भांडणं होतात. रुग्णाने विचारावं ते एकच: माझ्या तालुक्यातल्या दवाखान्याची जबाबदारी कुणाची? त्याचं उत्तर राज्य सरकार आणि जिल्हा परिषद, शहरात महापालिका.

भारतात आज आरोग्यावरचा खर्च कोण उचलतं?

राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. सुधारणा खरी आहे, तरी दहा रुपयांतले जवळपास चार रुपये अजून आजारी माणसाच्या घरातूनच जातात. त्याच वर्षी सरकारी खर्च, केंद्र आणि राज्यं मिळून, सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असंही त्यात म्हटलं होतं.

‘विमा पद्धत’ आणि ‘हमी पद्धत’ यांत फरक काय? रुग्णाला त्याचं काय?

विमा पद्धतीत सरकार दर कुटुंबामागे विमा कंपनीला वार्षिक हप्ता देतं आणि दावे कंपनी फेडते. हमी पद्धतीत मध्ये विमा कंपनी नसते. सरकारची संस्था रुग्णालयाला थेट पैसे देते, कागद तपासायला फक्त एक त्रयस्थ संस्था, म्हणजे टीपीए, असते. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र झाली, तेव्हा दोन्हींचं मिश्रण होतं: पहिल्या दीड लाखापर्यंत विमा कंपनी आणि त्यावर पाच लाखांपर्यंत हमी. राज्यात हे काम राज्य आरोग्य हमी सोसायटी पाहते.

रुग्णाला फरक जाणवतो तो मंजुरी आणि नकाराच्या वेळी. विमा कंपनीला दावा नाकारण्यात फायदा असतो. हमी पद्धतीत तो हेतू नसतो, पण सरकारकडून पैसे थकले की रुग्णालय ‘बेड नाही’ म्हणू लागतं. दोन्हींत पैसा येतो करातूनच. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात सरकारने विमा कंपन्यांना मध्ये घेऊ नये, करातून पैसा उभा करावा आणि त्यातला मोठा भाग प्राथमिक सेवेवर घालावा असं सुचवलं होतं. तो सल्ला अर्धाच ऐकला गेला.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आज कोण बसतं?

राजीव गांधी जीवनदायी योजनेचंच हे आजचं नाव. सुरुवातीला पिवळं, केशरी, अंत्योदय आणि अन्नपूर्णा शिधापत्रिका असलेली कुटुंबं आणि १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी एवढेच बसत. मर्यादा दीड लाख होती. २०२३ मध्ये राज्याने ती कुटुंबाला वर्षाला पाच लाख केली, पांढऱ्या कार्डासह सर्व रहिवाशांना आत घेतलं, आणि १ जुलै २०२४ पासून हे अमलात आलं. शिधापत्रिका नसेल तर अधिवास दाखला चालतो.

कागदावर, म्हणजे, महाराष्ट्रात विमा सर्वांना झाला. पाच लाख ही रक्कम पूर्ण कुटुंबाची आहे, माणशी नाही, हे लक्षात ठेवा. एकाच वर्षात घरातल्या दोघांचं मोठं आजारपण आलं तर त्यातूनच भागवावं लागतं.

दवाखान्यात गेल्यावर क्रमाने काय करायचं?

भरती होण्याआधी, किंवा तातडी असेल तर भरती होताच, आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचा कक्ष असतो, बहुधा केसपेपरच्या खिडकीजवळ. बिलिंगच्या काउंटरवर आधी गेलात आणि अनामत भरलीत, तर तुमची नोंद ‘रोख रुग्ण’ अशी होते आणि ती नंतर बदलून घेणं फार कटकटीचं असतं. म्हणून पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘योजनेतून उपचार घ्यायचे आहेत, आरोग्यमित्र कुठे आहेत?’

सोबत मूळ शिधापत्रिका आणि रुग्णाचा फोटो असलेलं ओळखपत्र हवं. आधार असल्यास उत्तम. शिधापत्रिका ऑनलाइन झालेली असावी, तिला १२ अंकी क्रमांक असतो. आरोग्यमित्र नोंदणी करतो, मग रुग्णालयाचे डॉक्टर आजार आणि उपचार ठरवतात आणि त्या उपचाराच्या पॅकेजसाठी पूर्वमंजुरी मागतात. तिला सगळे ‘प्री-ऑथ’ म्हणतात. सोबत एक्स-रे, सीटी, अँजिओग्राफी, बायोप्सी असे अहवाल ऑनलाइन चढवावे लागतात. नेहमीच्या प्रकरणात मंजुरीला साधारण एक दिवस लागतो. हृदयविकाराचा झटका, अपघात, मेंदूतला रक्तस्राव अशा तातडीत दूरध्वनीवरून कळवून उपचार आधी सुरू करता येतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. ही सोय अनेक नातेवाइकांना माहीत नसते. ‘शिधापत्रिका गावाकडे आहे, आधी पैसे भरा’ असं सांगितलं गेलं तर तातडीची नोंद करायला सांगा आणि कार्डाचा फोटो गावाहून मागवा.

पॅकेजमध्ये खाट, शस्त्रक्रिया, भूल, औषधं, तपासण्या, इम्प्लांट (स्टेंटसारखी शरीरात बसवायची वस्तू) आणि जेवण हे सगळं येतं. घरी सोडल्यावरची ठरावीक दिवसांची औषधंही येतात, केंद्राच्या योजनेत १५ दिवसांपर्यंत. राज्याच्या योजनेत एसटी किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं परतीचं भाडंही धरलेलं आहे. ते फार कमी जण मागतात. डिस्चार्जच्या वेळी सही करण्याआधी कागदावर काय लिहिलं आहे ते वाचा, खास करून ‘काहीही रक्कम घेतली नाही’ हा मजकूर. पैसे दिले असतील तर त्याखाली सही करू नका.

मग पैसे का मागितले जातात? कुठे काय बिनसतं?

सर्वांत जास्त घोळ कागदाचा. शिधापत्रिकेवर ‘सुनिता’ आणि आधारवर ‘सुनीता’. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्याच कार्डावर. बाळाचं नाव अजून चढलेलं नाही. हे दुरुस्त होतं तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत, पण आजारपणात तिथे जायला वेळ नसतो. म्हणून घरात कुणी आजारी नसताना शिधापत्रिकेवरची सगळी नावं एकदा आधारशी ताडून घ्या. हे काम आजच करण्यासारखं आहे.

दुसरा घोळ पॅकेजचा. योजना ‘आजारा’ला पैसे देत नाही, यादीतल्या ‘उपचारा’ला देते. २०२४ च्या विस्तारानंतर ही यादी १,३५६ उपचारांची झाली. तपासणीत पॅकेजमधलं काही निघालं तर तपासणीचा खर्च त्यात धरला जातो. काहीच निघालं नाही, किंवा निघालं ते यादीत नसलं, तर तपासणीचे पैसे घरातून जातात. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खासगी रुग्णालय ते करून देऊ शकत असलं तरी योजनेतून देऊ शकत नाही.

तिसरा घोळ विशेषतेचा. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे त्याच्या सगळ्या विभागांत योजना लागू आहे असं नाही. हाडांच्या विभागासाठी अंगीकृत असलेल्या ठिकाणी हृदयाचं काम योजनेत होईलच असं धरून चालू नका. जाण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर फोन करून आजाराचं नाव आणि रुग्णालयाचं नाव, दोन्ही सांगून विचारा.

आणि चौथं, सरळ लूट. ‘योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा तर वरचे चाळीस हजार’ हे वाक्य ठरलेलं आहे. पॅकेजमध्ये इम्प्लांट धरलेलं असतं, वरचे पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले तर वाद न घालता तीन गोष्टी करा: कोणत्या वस्तूसाठी किती रक्कम ते कागदावर मागा, हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या, आणि जिल्ह्याच्या योजना समन्वयकाला तो क्रमांक कळवा. तक्रार रुग्ण भरती असतानाच झाली तर लवकर हलते. घरी गेल्यावर केलेली तक्रार सिद्ध करायला पावती लागते, आणि असे पैसे बहुधा पावतीविनाच घेतले जातात.

खासगी रुग्णालयं म्हणतात, योजनेचे दर परवडत नाहीत. त्यांचं खोटं आहे का?

पूर्ण खोटं नाही. दर वर्षानुवर्षं बदलले जात नाहीत, पैसे महिनोन्महिने थकतात, आणि लहान गावातलं २०-३० खाटांचं रुग्णालय इतका काळ उधारीवर चालू शकत नाही. त्यामुळे डॉक्टर-मालकाची छोटी रुग्णालयं बाहेर पडतात आणि मोठी रुग्णालयं फायद्याची पॅकेजेस निवडून घेतात. डायलिसिस, मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी सहज मिळते. न्यूमोनियाच्या रुग्णाला मात्र ‘खाट नाही’. पण दर अपुरे आहेत याचा अर्थ रुग्णाकडून वरचे पैसे घ्यावेत असा होत नाही. तो हिशेब रुग्णालय आणि सरकार यांच्यातला आहे.

सरकारने खर्चाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून दर ठरवले पाहिजेत आणि ठरलेल्या मुदतीत पैसे दिले पाहिजेत. त्याचबरोबर किमतींवर लगाम हवाच. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटला कमाल किंमत लागली: औषधलेपित स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. त्याआधी औषधलेपित स्टेंटचे लाखाच्या पुढेही घेतले जात. एका आदेशाने हजारो रुग्णांचं जे भलं झालं, त्यासाठी कुठलाही विमा लागला नाही.

विम्यामुळे नको त्या शस्त्रक्रिया वाढतात का?

जिथे पैसे शस्त्रक्रियेमागे मिळतात आणि देखरेख सैल असते, तिथे वाढतात. २०१२ च्या सुमारास बिहार आणि छत्तीसगडमध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेखाली गरज नसताना गर्भाशय काढल्याच्या तक्रारी आल्या आणि चौकश्या झाल्या. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, त्यावर समितीही बसली. तिथे विम्यापेक्षा गरिबी, उचलीचं कर्ज आणि पाळीच्या दिवसांतही न मिळणारी सुट्टी ही कारणं मोठी होती, हेही सांगायला हवं. पण खासगी दवाखान्यावर कुणाचा वचक नसला की काय होतं ते दोन्हीकडे सारखंच दिसतं.

गर्भाशय, अपेंडिक्स किंवा मणक्याची शस्त्रक्रिया तातडीची नसताना सुचवली गेली तर सरकारी जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्या. त्यासाठी पहिल्या ठिकाणचे अहवाल मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कार्डांमध्ये गैरप्रकारही होतात. २०२३ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालात आयुष्मान योजनेचे जवळपास साडेसात लाख लाभार्थी एकाच बनावट मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते.

योजनेत ओपीडी आणि रोजची औषधं का नाहीत?

आमच्या मते या सगळ्या वादाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

योजना भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, सांधेदुखी, थायरॉइड, अपस्मार यांची गोळी रोज लागते, त्यासाठी कुणी भरती होत नाही. समजा, एका घरात आईला मधुमेह आणि वडिलांना रक्तदाब आहे, आणि दोघांची औषधं व तपासण्या मिळून महिन्याला १,८०० रुपये जातात. वर्षाचे झाले २१,६००. रोजंदारीच्या घरात हा पैसा किराणा आणि मुलांच्या फीमधून निघतो. मग गोळी एक दिवसाआड होते. पाच-सात वर्षांनी मूत्रपिंडं जातात, आणि त्या दिवसापासून डायलिसिस मोफत मिळू लागतं. ज्या गोळीने डायलिसिस टळलं असतं तिला योजनेत जागा नाही, डायलिसिसला आहे. सरकार इथे रुग्णापेक्षा जास्त पैसे घालवतं आणि माणूसही गमावतं.

ओपीडीचा विमा काढणं अवघड असतं, कारण छोटे दावे असंख्य असतात आणि एकेक तपासणं महागात पडतं. म्हणूनच यावर उपाय विमा नाही. उपाय आहे उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात सलग मिळणारं औषध. तामिळनाडूने १९९० च्या दशकात औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, ज्या गोदामात जितका साठा संपतो त्यानुसार पुरवठा होईल अशी व्यवस्था बसवली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्रात खरेदी आधी हाफकिन या सरकारी संस्थेकडे होती, आता वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आहे. प्राधिकरणाचं नाव काहीही असो, केंद्रावर मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाचं अ‍ॅम्लोडिपिन महिनाभर पुरेल इतकं आहे का, ही कसोटी पुरेशी आहे.

दरम्यान, जनऔषधी केंद्रात जेनेरिक नावाने हीच औषधं पुष्कळ स्वस्त मिळतात. डॉक्टरांना चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव लिहायला सांगा.

कामगार विमा योजनेत तर ओपीडी मिळते?

मिळते, आणि म्हणून ती जास्त पूर्ण आहे. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत मासिक वेतन २१ हजारांपर्यंत असलेले कामगार येतात. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. तपासणी, औषधं, भरती हे सगळं येतंच, शिवाय आजारपणात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकतो. आजारपणात घर बुडतं ते बिलाइतकंच बुडालेल्या मजुरीने, हे त्या कायद्याने ओळखलं होतं. आताच्या मोठ्या योजनांनी ते सोडून दिलं. कंत्राटदाराकडे काम करत असाल तर वेतनचिठ्ठीवर ही कपात दिसते का बघा. कपात दिसते आणि विमा क्रमांक मिळालेला नाही, असं असेल तर लगेच चौकशी करा.

घरातल्या आजी-आजोबांसाठी वेगळं काही आहे का?

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वयवंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी वेगळे पाच लाख, नसेल तरी पाच लाख. वय आधारवरून धरलं जातं. जन्मतारीख चुकली असेल तर आधी तीच दुरुस्त करा. केंद्र सरकारचे निवृत्त कर्मचारी सीजीएचएस (केंद्राची कर्मचाऱ्यांसाठीची आरोग्य योजना) किंवा हे, दोन्हींपैकी एक निवडू शकतात. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. माहितीसाठी क्रमांक १४५५५.

सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालं म्हणतात. मग विमा कशाला?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत शुल्क घेतलं जात नाही. यात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालयं यात येत नाहीत, कारण ती वेगळ्या विभागांकडे आहेत. ससून किंवा घाटीला शुल्क मागितलं आणि ‘आता तर सगळं मोफत आहे’ म्हणून वाद झाला, की मूळ कारण बहुतेक हेच असतं.

शुल्क शून्य झालं, पण भूलतज्ज्ञ नसेल तर सिझेरियन होत नाही. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, शस्त्रक्रियागृह आहे, भूलतज्ज्ञाचं पद रिकामं आहे, आणि बाईला १०८ मध्ये बसवून जिल्ह्याला पाठवलं जातं: गडचिरोली, नंदुरबार, पालघरमधल्या लोकांना हे नवं नाही. विम्याच्या कार्डाने हा प्रश्न सुटत नाही, कारण त्या भागात योजनेतलं खासगी रुग्णालयही जिल्ह्याच्या गावातच असतं. जिथे रुग्णालयं आहेत तिथेच विम्याचा पैसा पोचतो. पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर यांना तो मिळतो, धडगाव आणि भामरागडला फारच थोडा.

धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी राखीव खाटा असतात ना?

असतात, आणि हा हक्क विम्याहून जुना आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. निर्धनसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बलसाठी ३ लाख ६० हजार. रुग्णालय आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला टाकतं, त्यातून हा खर्च भागतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून घ्या आणि भरतीच्या दिवशीच समाजसेवा अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ‘खाट शिल्लक नाही’ म्हटलं तर किती राखीव खाटा आणि किती भरलेल्या, हे विचारा. तक्रार धर्मादाय सहआयुक्तांकडे जाते. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणं बंधनकारक आहे.

मध्यमवर्गाने काय करावं? सरकारने त्यांच्या विम्यात पडावं का?

नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात सुमारे ३० टक्के लोकसंख्येला सरकारी किंवा खासगी असं कोणतंच संरक्षण नसल्याचं म्हटलं होतं. अशांसाठी सरकारने करायची दोन कामं आहेत: कर कमी ठेवणं आणि कंपन्यांवर नियम लादणं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. २०२४ पासून आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येते, आणि ६० महिने हप्ते भरल्यावर फसवणुकीशिवाय दुसऱ्या कारणाने ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. अर्ज भरताना बीपीची गोळीसुद्धा लिहा. एजंट ‘राहू द्या हो’ म्हणतो, पण दावा फेटाळला जातो तो याच रकान्यावरून. तक्रार आधी कंपनीकडे, ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे. शुल्क नाही, वकील लागत नाही.

गोव्यात कसं आहे?

गोव्याने २०१६ मध्ये दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना उत्पन्नाची अट न ठेवता सुरू केली. पाच वर्षांचं वास्तव्य हवं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. पण गोव्याचं खरं बळ बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच गेले. २०१८ च्या सुरुवातीला तिथे बाहेरच्या राज्यांतल्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन उभं राहिलं. लोकांनी मागितलं ते आपल्या जिल्ह्यात तसंच रुग्णालय.

दुसऱ्या देशांनी हे कसं जमवलं?

आपल्याला जवळचं उदाहरण थायलंडचं. २००२ मध्ये त्यांनी सर्वांना उपचार देणारी योजना आणली, दर भेटीला ३० बाथ. तिचं मर्म पैसे देण्याच्या पद्धतीत आहे. ओपीडीसाठी जिल्हा रुग्णालयाला दर माणशी वार्षिक ठरावीक रक्कम मिळते, रुग्ण किती वेळा आला यावर नाही. त्यामुळे आजार लवकर पकडण्यात रुग्णालयाचाच फायदा. आणि योजनेआधीची दोन-तीन दशकं त्यांनी तालुक्या-तालुक्यात रुग्णालयं बांधण्यात आणि ग्रामीण भागात डॉक्टर पाठवण्यात घालवली होती. आपण शेवटचा भाग आधी उचलला. ब्रिटनची आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ पासून करातून चालते. जर्मनीत १८८३ पासून सक्तीचा सामाजिक विमा आहे. तो पगारदारांच्या देशात चालतो. जिथे बहुसंख्य लोक शेतीत आणि रोजंदारीत आहेत तिथे वर्गणी कापायची कुठून, हाच प्रश्न येतो.

उपचाराचा हक्क कायद्याने मिळतो का?

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा आणि १९९६ च्या पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यांत तातडीचे उपचार हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, त्यावरून खासगी डॉक्टरांचा मोठा संप झाला. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनुसार मात्र प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावायचे आहेत. थकलेल्या बिलापायी मृतदेह अडवता येत नाही.

आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यासाठी काय मागावं?

साधारण निकष असे: ५ हजार लोकसंख्येला (आदिवासी आणि डोंगरी भागात ३ हजार) एक उपकेंद्र, ३० हजारांना (तिथे २० हजार) एक प्राथमिक आरोग्य केंद्र, १ लाख २० हजारांना (तिथे ८० हजार) एक ग्रामीण रुग्णालय. आपला तालुका यात कुठे बसतो ते आधी काढा.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. ग्रामीण रुग्णालयासाठी अर्ज तिथल्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, प्राथमिक केंद्रासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे. ‘आरोग्यसेवा कशी आहे’ असं विचारू नका, कागद मागा: मंजूर आणि भरलेल्या पदांची पदनामानुसार यादी, भूलतज्ज्ञाचं पद कधीपासून रिक्त, मागच्या १२ महिन्यांच्या औषध साठा नोंदवहीची प्रत, पुढे पाठवलेल्या बाळंतिणींची महिनावार संख्या आणि कारणं, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकांची इतिवृत्तं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला वेगळा पुरावा लागत नाही, अर्जाची पोच पुरते. मिळालेली नोंदवही ग्रामसभेत वाचा, आणि औषध संपलेल्या तारखांसमोर मागणीपत्र कधी पाठवलं होतं ते वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. मागणी वेळेत गेलेली असेल तर पुढचा प्रश्न जिल्हा परिषदेला आणि आमदारांना लेखी द्या, साठा नोंदवहीची प्रत जोडून.